नुरा नव्हती, जोडच तशी लावली होती : गाजावाजा झालेल्या बॉक्सिंग लढती एकतर्फी का होतात?

२७ जून १९८८ च्या रात्री अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत माईक टायसन आणि मायकल स्पिंक्स समोरासमोर आले. दोघंही तोवर एकही लढत न हरलेले. टायसनच्या नावावर ३४ विजय, स्पिंक्सच्या नावावर ३१. हेवीवेट गटातल्या जगज्जेतेपदाचे पट्टे सगळे टायसनकडे होते. पण स्पिंक्सच्या बाजूचे लोक म्हणायचे, खरी गादी आमच्या माणसाची, कारण आधीच्या जगज्जेत्या लॅरी होम्सला रिंगमध्ये हरवून त्यानं ती मिळवली आणि रिंगमध्ये कुणी ती त्याच्याकडून काढून घेतलेली नाही. या एका वादावर कित्येक महिने पेपर भरले, तिकिटं खपली, टीव्हीचे हक्क विकले गेले. लढत चालली ९१ सेकंद.

त्या ९१ सेकंदांत फार काही पाहण्यासारखं नाही, पण जे आहे ते नीट बघावं. घंटा होते आणि टायसन सरळ चालत जातो. स्पिंक्स एरवी आडवातिडवा फिरणारा, समोरच्याला कोड्यात टाकणारा बॉक्सर. इथं मात्र तो दोरांकडे ढकलला जातो. पहिल्या मिनिटाच्या आसपास बरगडीत एक ठोसा बसतो आणि तो गुडघा टेकतो. मोजणी संपायच्या आत उठतो, एक ठोसा मारायला हात टाकतो आणि त्याच क्षणी उलट बाजूनं टायसनचा उजवा हात येतो. पाठीवर पडलेल्या स्पिंक्सचं डोकं खालच्या दोराबाहेर. टायसनला त्या रात्रीचे साधारण दोन कोटी डॉलर मिळाले, स्पिंक्सला एक कोटी पस्तीस लाख. स्पिंक्स त्यानंतर पुन्हा कधी लढला नाही.

ही क्लिप आपल्याकडे कुणालाही मोबाईलवर दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला : ‘नुरा व्हती का भो?’ म्हणजे आधीच ठरवून हरला का? एवढे पैसे घेऊन माणूस दीड मिनिटात झोपतोच कसा! खान्देशात नदीच्या पात्रात मांडी घालून कुस्त्यांच्या दंगली बघितलेल्या माणसाला ही शंका येणं अगदी रास्त आहे. पण उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. बॉक्सिंगमध्ये ठरवून हरण्याचे प्रकार झालेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी ज्या मोठ्या लढती फुसक्या निघाल्या, त्यातल्या बहुतेकांत दोघंही जीव तोडून लढले होते. घोटाळा शोधायचाच तर लढतीच्या आधी जावं लागतं. जोड कुणी लावली, कशासाठी लावली, तिथं.

आपल्याकडे जोड कशी लागते ते आठवा. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या उरकल्या, हलगीचा ठेका बदलला, की पंच दोन पहेलवानांचे हात धरून त्यांना आखाड्याभोवती फिरवतात. लोक मान बघतात, कान बघतात, मांड्या बघतात. हा अमळनेरकडचा, तो धुळ्याच्या तालमीतला, याचं वजन जास्त आहे, त्यानं मागच्या जत्रेत अमक्याला पाडलं होतं, सगळी चर्चा तिथंच, उघड्यावर. जोड पटली नाही तर मागून कुणीतरी ओरडतंच, आणि दहा जण ओरडले तर पंचांना ऐकावं लागतं. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असं लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी मारलं. अशा मल्लापुढे गावातला होतकरू पोरगा उभा करायचं कुठल्याही पंचाच्या मनात येणार नाही. केलंच तर लोक हसतील. आणि इनाम हातात पडतं ते कुस्ती निकाली झाल्यावर. कुस्तीत दम नव्हता तर लोक खिशात हात घालत नाहीत, पुढच्या वर्षी वर्गणीलाही कुरकुरतात.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे सगळं उलट बाजूनं चालतं. तिथं जोड लावतो प्रमोटर, म्हणजे लढत विकणारा माणूस. त्याच्या पगारावर एक मॅचमेकर असतो, तो कोण कुणाशी लढणार हे जुळवतो. बंद खोलीत वकील बसतात, करार होतो. आणि मुख्य गोष्ट, पैसे घंटा वाजायच्या आधी जमा होतात. तिकिटं आधी विकली जातात. टीव्हीवर बघायचं तर ‘पे-पर-व्ह्यू’, म्हणजे महिन्याच्या वर्गणीखेरीज त्या एका रात्रीचे वेगळे पैसे, तेही आगाऊ. २ मे २०१५ ला लास वेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ लढले, तेव्हा अमेरिकेत जवळपास ४६ लाख घरांनी प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास मोजले. ४० कोटी डॉलरच्या वर रक्कम झाली. खुर्च्यांच्या तिकिटांचे सव्वासात कोटी डॉलर निराळे. यातला एकही डॉलर लढत कंटाळवाणी झाली म्हणून परत द्यायचा नसतो.

मग विकणाऱ्याला नेमकं काय हवं असतं? तोडीस तोड लढत झाली तर त्याला नको असते असं नाही. पण तिच्यावाचून त्याचं अडत नाही. ‘काय होईल सांगता येत नाही’ असं लोकांना घंटा होईपर्यंत वाटत राहिलं, की त्याचं काम झालं. ते वाटायला लावायची साधनं ठरलेली आहेत. पत्रकार परिषदेत नाकाला नाक लावून उभं राहायचं, शिव्या द्यायच्या, वजनाच्या दिवशी ढकलाढकली करायची. २००७ पासून एचबीओ या वाहिनीनं आणखी एक प्रकार रुळवला : लढतीआधीचे काही आठवडे दोन्ही बॉक्सरांच्या घरातून, तालमीतून मालिका दाखवायची. थोडा वेळ हा पळतोय, तेवढाच वेळ तो पळतोय. याची आई, त्याची आई. पडद्यावर दोघांना सारखी मिनिटं मिळाली की बघणाऱ्याच्या डोक्यात दोघं सारख्या ताकदीचे होऊन बसतात. मला विचाराल तर शिवीगाळीपेक्षा हे जास्त परिणामकारक आहे, कारण ते जाहिरात वाटत नाही.

आता एक अडचण समजून घ्यायला हवी. ऑलिम्पिकमध्ये ड्रॉ पडतो, म्हणजे चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात. विजेंदर सिंगनं २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा समोर कोण येणार हे त्याच्या हातात नव्हतं. व्यावसायिक बॉक्सिंगला ना ड्रॉ, ना लीग, ना सगळ्यांवर हुकूम चालवणारं मंडळ. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचे वजनगट सतराच्या आसपास, आणि प्रत्येक गटात प्रत्येकीचा आपापला विजेता. एका वजनात चार ‘जगज्जेते’ सुखानं नांदू शकतात. त्यांनी एकमेकांशी लढलंच पाहिजे अशी सक्ती जवळपास नाही. त्यात ‘न हरलेला’ या बिरुदाला बाजारात फार किंमत, त्यामुळे धोक्याचा माणूस शक्य तितका लांबवला जातो.

मेवेदर आणि पॅकियाओचं हेच झालं. ही लढत व्हावी म्हणून बोलणी सुरू झाली २००९ च्या अखेरीस, दोघंही भरात असताना. रक्ततपासणी कशी आणि कधी करायची यावर ती फिसकटली. पुढची पाच वर्षं नुसतं ‘होणार, नाही होणार’. मध्ये डिसेंबर २०१२ मध्ये हुआन मॅन्युएल मार्केझनं पॅकियाओला सहाव्या राउंडला असं पाडलं की तो तोंडावर पडून काही वेळ हललाच नाही. अखेर लढत ठरली तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाओ ३६ चा. उत्सुकता पाच वर्षांत वाढली होती, पाय पाच वर्षांनी थकले होते. अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ. मे महिना, जळगावात नऊ वाजताच पत्रे तापलेले, आणि हातातल्या मोबाईलवर मेवेदर एक ठोसा मारून मिठी मारतोय, पुन्हा एक मारून मागे सरकतोय.

गुण बघितले तर लढत किती एकतर्फी होती ते कळतं, पण गुण वाचायचे कसे हे आधी सांगतो. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला साधारण ९. खाली पडला तर आणखी एक कमी. बारा राउंड सगळे जिंकले तर १२०, सगळे हरले तर १०८. त्या दिवशी एका पंचानं ११८-११० दिले, म्हणजे मेवेदरला दहा राउंड आणि पॅकियाओला दोन. उरलेल्या दोघांनी ११६-११२, म्हणजे आठ-चार. नेमके लागलेले ठोसे मोजणाऱ्यांनी मेवेदरचे १४८ आणि पॅकियाओचे ८१ धरले. बचावाची कला म्हणून बघितलं तर मेवेदरनं उत्तम काम केलं. पण शतकातली लढत म्हणून जिचे पैसे घेतले, ती ही नव्हती. पॅकियाओचा उजवा खांदा आधीच दुखावलेला होता हे लोकांना लढत संपल्यावर समजलं. पुढे त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. आखाड्याभोवती फिरवून बघायची सोय असती तर तो खांदा कुणाच्या तरी नजरेत आला असता, असं मला उगाच वाटतं.

विषम जोड तोडीस तोड भासवायचा दुसरा मार्ग आकड्यांचा. टायसन तुरुंगातून सुटला मार्च १९९५ मध्ये. ऑगस्टमध्ये त्याच्यापुढे उभा केला गेला पीटर मॅकनीली नावाचा बॉस्टनकडचा तरुण. ३६ विजय, एक हार. कागदावर दणदणीत! पण त्या छत्तिसांत कोण होते ते बघितलं तर बरेचसे स्वतःच हरण्यात मुरलेले. बॉक्सिंगमध्ये अशी माणसं असतात, गावोगाव जाऊन हरायचे पैसे घेणारी, आणि त्यांच्या जिवावर होतकरू पोरांचे आकडे फुगवले जातात. मॅकनीलीनं जाहीर केलं होतं की टायसनला मी दहशतीच्या कोषात गुंडाळीन. ८९ सेकंदांत तो दोनदा पडला आणि त्याचा मॅनेजर स्वतः रिंगमध्ये शिरला. नियमानं त्यामुळे मॅकनीली बाद. त्या मॅनेजरची लोकांनी यथेच्छ टर उडवली. माझ्या मते त्या रात्री त्या इमारतीत डोकं ठिकाणावर असलेला तो एकच माणूस होता.

आकड्यांची ही गोष्ट आपल्या दारातही घडली. विजेंदर व्यावसायिक झाल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीत त्याच्यापुढे टांझानियाचा फ्रान्सिस चेका आला. चाळिसाच्या वर लढतींचा अनुभव, ‘माजी जगज्जेता’ अशी ओळख. ते जगज्जेतेपद मात्र मघाच्या चार संघटनांपैकी एकीचंही नव्हतं, एका छोट्या संघटनेचं होतं. तिसऱ्या राउंडला खेळ आटोपला. विजेंदरच्या मेहनतीला यानं बाधा येत नाही, जोड त्यानं लावली नव्हती.

वजनाची भानगड जरा फसवी असते. ६ डिसेंबर २००८ ला ऑस्कर डी ला होया आणि पॅकियाओ लढले तेव्हा बहुतेकांना पॅकियाओची काळजी वाटत होती. तो ४८ किलोंपासून चढत चढत वर आलेला. डी ला होया उंच, हाडानं मोठा, सात वर्षं सत्तर किलोंच्या आसपास लढणारा. लढत ठरली ६६.७ किलोंच्या मर्यादेत. मोठा माणूस खाली उतरतोय, म्हणजे फायदा त्याचाच, असा सगळ्यांचा हिशेब. पण पस्तिशीच्या अंगातून एवढं वजन उतरवायचं म्हणजे शेवटी शेवटी पाणीच काढावं लागतं. वजन आदल्या दिवशी होतं, मग माणूस खाऊन पिऊन भरून यायला बघतो. वय वाढलं की अंग तसं परत भरत नाही. डी ला होया मर्यादेच्याही खाली भरला तेव्हाच जाणत्यांना शंका यायला हवी होती. आठ राउंड त्यानं नुसता मार खाल्ला, नवव्याला स्टुलावरून उठला नाही, आणि ती त्याची शेवटची लढत ठरली.

वयाबद्दल फार सांगायला नको. २ ऑक्टोबर १९८० ला ३८ वर्षांचा मुहम्मद अली दोन वर्षांच्या खंडानंतर लॅरी होम्सशी लढला. होम्स हा एकेकाळी अलीच्याच सरावात अंगावर ठोसे घेणारा पोरगा. तिन्ही पंचांनी प्रत्येक राउंड होम्सला दिला आणि दहावा झाल्यावर अलीच्या कोपऱ्यानंच लढत थांबवली. ते चित्रण मी एकदा बघितलं, पुन्हा बघणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या टायसनला यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या २७ वर्षांच्या जेक पॉलपुढे उभं केलं, तेव्हा राउंड दोन-दोन मिनिटांचे आणि आठच ठेवले होते. पॉलचे ७८ ठोसे लागले, टायसनचे १८. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार १० कोटी ८० लाख लोकांनी ते थेट बघितलं. जगभर बऱ्याच जणांनी त्यातला काही भाग मधोमध फिरणारं बफरिंगचं चक्र म्हणूनच बघितला. दुसऱ्या खेळातला तारा आणून उभा करणं हाही त्याच जातीचा उद्योग. २०१७ मध्ये एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधला कॉनर मॅकग्रेगर आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत ४९ विजय खात्यावर असलेल्या मेवेदरशी लढला, दहाव्या राउंडला थांबवला गेला, आणि तरी अमेरिकेत ४३ लाखांच्या आसपास घरांनी पैसे मोजले.

इथवर सगळी उदाहरणं विकणाऱ्याच्या चलाखीची किंवा बघणाऱ्याच्या भोळेपणाची झाली. पण एक कारण असं आहे की ज्यात कुणाचाच दोष नसतो, आणि मला तेच सगळ्यांत रंजक वाटतं : लढण्याची ढब.

१९७१ मध्ये जो फ्रेझियरनं अलीला हरवलं. २२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये फ्रेझियर आणि जॉर्ज फोरमन भिडले. फ्रेझियर २९ लढतींत अजिंक्य, फोरमन ३७ लढतींत, आणि सट्टेवाल्यांचा कौल फ्रेझियरच्या बाजूनं. दोन राउंडांत फ्रेझियर सहा वेळा खाली पडला. एका ठोशानं तर त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पुढे १९७४ ला किन्शासात अलीनं याच फोरमनला आठव्या राउंडला झोपवलं. म्हणजे फ्रेझियर अलीला भारी, फोरमन फ्रेझियरला भारी, आणि अली फोरमनला भारी. ताकदीचा नुसता चढता-उतरता क्रम लावला तर हे बसतच नाही.

बसतं कसं ते असं. फ्रेझियर ठेंगणा, वाकून, डोकं हलवत समोरच्याच्या छातीला भिडायचा आणि डाव्या हातानं झोडायचा. अली मागे सरकत लढायचा, त्यामुळे फ्रेझियरला त्याच्यापर्यंत पोचता यायचं. फोरमन मागे सरकायचाच नाही. तो दोन्ही हातांनी फ्रेझियरचे खांदे धरून त्याला ढकलायचा, मध्ये बरोबर हातभर जागा करायचा, आणि वाकलेल्या डोक्यावर खालून वर येणारा ठोसा हाणायचा. फ्रेझियरची वाकायची सवय, जिच्यावर तो जग जिंकला होता, तीच त्याला थेट त्या ठोशाच्या वाटेत आणून ठेवत होती. त्याला दुसरं लढताच येत नव्हतं. अलीनं फोरमनपुढे वेगळंच केलं : दोरांना टेकून हात वर धरले, मार अंगावर घेतला आणि फोरमनला दमवला. ही गाठ लढतीआधी कागदावर दिसत नाही. दोघं अजिंक्य असतात, दोघं तगडे असतात, आणि तरी पहिल्या मिनिटात एकाच्या लक्षात येतं की आपल्याजवळ याला उत्तर नाही.

यात उलटा चमत्कारही घडतो. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत टायसनपुढे बस्टर डग्लस होता. सट्ट्याचा भाव ४२ ला १, म्हणजे डग्लसवर एक डॉलर लावला आणि तो जिंकला तर ४२ मिळणार. कुणी काही हवा केली नव्हती, सगळ्यांच्या लेखी ती एकतर्फीच. डग्लसनं दहाव्या राउंडला टायसनला झोपवलं.

एकतर्फी म्हणजे वाईट, हेही मला मान्य नाही. २९ जुलै २०२३ ला लास वेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स लढले. एक ३९ लढतींत अजिंक्य, दुसरा २८. चारही संघटनांचे पट्टे पणाला. तज्ज्ञांत सरळ दोन तट होते, आणि मेवेदर-पॅकियाओसारखी हीही बरीच वर्षं लांबलेली लढत. क्रॉफर्डनं स्पेन्सला दुसऱ्या राउंडला एकदा आणि सातव्याला दोनदा पाडलं. नवव्याला पंचानं लढत थांबवली. स्पेन्स २०१९ च्या मोटार अपघातातून आणि नंतर डोळ्याच्या दुखण्यातून उठून आलेला, ते मनात धरावं लागतं. तरी सातवा राउंड बघाच. स्पेन्स पुढे येतो, ठोसा टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी क्रॉफर्डचा हात पोचलेला असतो. जोड बरोबर होती. एक जण त्या दिवशी दुसऱ्यापेक्षा फारच चांगला निघाला, एवढंच.

तेव्हा पुढच्या मोठ्या लढतीची हवा सुरू झाली आणि घरातला पोरगा वर्गणीचे पैसे मागायला आला, तर त्याला तीन-चार गोष्टी विचाराव्यात. दोघांची शेवटची लढत कधी झाली, कुणाशी झाली? विजयांचा आकडा सोडून दे, हरवलेली माणसं कोण होती? वजन कितीवर ठरलंय आणि कोण किती उतरून येतोय? ही लढत तीन वर्षांपूर्वी का झाली नाही? उत्तरं नेटवर दहा मिनिटांत मिळतात. पोरगा ती शोधून आला तर पैसे द्यायला हरकत नाही, आणि मग लढत त्याच्या शेजारी बसूनच बघावी.